एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, पण दार बसेना: जुन्या शेवरलेट पिकअपचे बॉडी पार्ट कसे ओळखायचे

मिरजेकडून टेम्पोत घालून आणलेलं दार कोल्हापूरच्या उद्यमनगरात उतरवलं तेव्हा पाऊस नुकता थांबला होता. आमचे पत्र्याचे मिस्त्री, ज्यांना सगळे मामाच म्हणतात, त्यांनी दार उभं केलं, बिजागऱ्यांना लावलं, चार बोल्ट आवळले आणि धाडकन लावून बघितलं. झकास बसलं. मी खिशातून पैसे काढायला लागलो तर मामा म्हणाले, "थांबा की जरा. म्होरनं येऊन बघा."

समोर जाऊन पाहिलं. उजव्या दाराला पुढच्या कोपऱ्यात त्रिकोणी काच होती, हवेसाठी फिरवता येणारी. डाव्या, नव्या आणलेल्या दाराला एकच सलग काच. एका डोळ्यावर चष्मा लावल्यासारखी गाडी दिसत होती. विकणाऱ्याने 'तुमचंच मॉडेल, शेवरलेट एकतीसशे' असं छातीठोकपणे सांगितलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. मॉडेल तेच होतं, साल वेगळं होतं. ते दार मी चिडून वर्कशॉपच्या भिंतीला टांगून ठेवलं. त्या दाराची गोष्ट पुढं येईलच, कारण त्यात चूक कुणाची होती हे मला कळायला आणखी चार महिने लागले.

हा लेख त्या चार महिन्यांतून झाला आहे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात अजून बऱ्याच गोठ्यांत, गुऱ्हाळांच्या मागच्या बाजूला अशा गाड्या उभ्या आहेत. आजोबांनी घेतलेली, गूळ वाहिलेली, मग कोंबड्या बसायला लागलेली. ती पुन्हा उभी करायची असेल तर इंजिनापेक्षा पत्रा जास्त रडवतो. इंजिन आपल्याकडे कुणीही बोअर करून देईल, बुश ओतून देईल. पण चुकीच्या सालाचं मडगार्ड घेतलं की पैसे गेले.

गाडी कुठली ते आधी

मी बोलतोय ती शेवरलेटची 'ॲडव्हान्स डिझाइन' म्हणून ओळखली जाणारी पिढी. अमेरिकेत ती 1947 च्या उन्हाळ्यात आली आणि 1955 च्या सुरुवातीपर्यंत चालली. गोल खांदे, फुगीर बॉनेट, मडगार्डात बसवलेले हेडलाइट, पुढं आडव्या पट्ट्यांचा शो, म्हणजे तोंडाची जाळी. आपल्याकडे जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना मुंबईत शिवडीला 1928 पासून होता आणि तो 1954 मध्ये बंद झाला. म्हणजे या पिढीतली जवळजवळ सगळी सालं त्या काळात बसतात. म्हणूनच दोन 'सारख्या' गाड्यांत पाच-सहा वर्षांचं अंतर असू शकतं.

आकार तीन. 3100 म्हणजे अर्ध्या टनाची, 3600 पाऊण टनाची आणि 3800 एक टनाची. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर अनुक्रमे 116 इंच, सव्वाशे इंच आणि वर पाव, आणि 137 इंच. टेप घेऊन पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्याच्या मध्यापर्यंत मोजलं की पहिला प्रश्न मिटतो. टेप नसेल तर चाकाचे नट मोजा: 3100 ला सहा, 3600 ला आठ. अर्थात चाकं बदललेली असू शकतात, पण चेसिसची लांबी कुणी गंमत म्हणून बदलत नाही.

केबिन तिन्हींची एकच. इथंच लोक फसतात. केबिन एक म्हणजे सगळंच एक असं गृहीत धरून 3600 चा फुटबोर्ड 3100 ला आणतात. हौद्याची, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या भागाची, लांबी वेगळी, चेसिस वेगळी, मग केबिनच्या मागं येणारा पत्रा जुळणार कसा?

साक्षीदार पक्का की कच्चा

आता खरं काम. गाडीचं साल ठरवायचं. पण 'गाडीचं साल' हा प्रश्न सत्तर वर्षांच्या गाडीला विचारणं म्हणजे जुन्या वाड्याला त्याचं बांधकाम कधीचं ते विचारण्यासारखं आहे. पाया एका पिढीचा, माडी दुसऱ्या पिढीची, संडास परवाचा. तेव्हा प्रत्येक तुकड्याला वेगळं साल विचारा, आणि प्रत्येकाच्या साक्षीला किती वजन द्यायचं ते ठरवा.

माझा ठोकताळा सोपा आहे. जो भाग काढायला स्क्रू ड्रायव्हर पुरतो, त्याची साक्ष कच्ची. ज्याला पाना लागतो, त्याची मध्यम. ज्याला गॅस कटर लागेल, तो पक्का साक्षीदार.

आरसी बुकावरचं साल मी मध्यममध्येच घालतो. पेटीतून सुटे भाग आले, जुळणी झाली, शोरूममध्ये गाडी उभी राहिली, मग नोंदणी. या सगळ्यात वर्ष सहज सरकतं. माझ्या कागदावर 1951 लिहिलंय. त्याचा मी आधी फार मान ठेवला, तीच पहिली चूक.

कंपनीची क्रमांक-पट्टी मिळाली तर भाग्य. दाराच्या खांबावर रिव्हेट मारलेली छोटी पत्र्याची पट्टी असते. दोन्ही बाजूंचे खांब बघा, रंगाचे थर हळूच खरवडा, सँडिंग मशीन अजिबात लावू नका. 1952 पर्यंत ही पट्टी काळी, त्यावर चंदेरी अक्षरं; 1953 पासून निळी. अमेरिकेत बनलेल्या गाडीच्या क्रमांकात आधी कारखान्याचा आकडा आणि मग दोन अक्षरं येतात. अर्ध्या टनासाठी 1947 ला ईपी, 1948 ला एफपी, 1949 ला जीपी, 1950 ला एचपी, 1951 ला जेपी, 1952 ला केपी. मधलं आय त्यांनी गाळलं. दुसरं अक्षर पी असेल तर अर्धा टन, आर असेल तर पाऊण, एस असेल तर एक टन. 1953 पासून ही पद्धत बदलली. कॅनडात बनलेल्या गाड्यांची क्रमांकाची रीत निराळी होती, तेव्हा तुमचा क्रमांक या साच्यात बसला नाही तर घाबरून पट्टी खोटी ठरवू नका.

माझ्या गाडीला पट्टीच नव्हती. रिव्हेटची दोन भोकं तेवढी होती. मग पत्र्यालाच विचारावं लागलं.

केबिन: हीच खरी जन्मपत्रिका

केबिनमध्ये तीन गोष्टी बघायच्या, आणि तिन्ही पत्र्यात कापलेल्या आहेत, सहज बदलता येत नाहीत.

पहिली, पुढची काच. 1953 पर्यंत दोन सपाट काचा, मध्ये उभी पट्टी. 1954 ला एकच सलग, वक्र काच आली. काचेची चौकटच वेगळी, त्यामुळं डॅशबोर्डही त्या साली नवा आला. 1954 ची केबिन आणि त्याआधीची केबिन ही दोन वेगळी घरं समजा. 'वक्र काच बसवून देतो, चौकट जरा ठोकतो' म्हणणारा मिस्त्री भेटला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

दुसरी, पेट्रोलच्या टाकीचं तोंड. 1947 आणि 1948 मध्ये टाकी हौद्याखाली होती आणि तोंड हौद्याच्या उजव्या बाजूला. 1949 पासून टाकी उभी करून केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागं आली. त्यामुळं तोंडाचं भोक उजव्या दाराच्या मागच्या पत्र्यात आलं. भोक आहे म्हणजे केबिन 1949 किंवा नंतरची. मात्र आपल्याकडे जुगाड कमी नाही. कुणी ते भोक बुजवलेलं असतं, कुणी नवं पाडलेलं असतं. आतल्या बाजूनं पत्र्याची कड बघा. कारखान्यात दाबलेल्या भोकाची कड गोल वळलेली असते, छिन्नीनं काढलेल्याची नाही.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. दाराच्या पुढं, ड्रायव्हरच्या पायाजवळच्या बाजूच्या पत्र्यात हवेची एक झडप होती. अमेरिकेत ती ड्रायव्हरच्या, म्हणजे डाव्या बाजूला. 1950 नंतर ती गेली. का गेली याचं उत्तर दारातच आहे: 1951 ला दारांना त्रिकोणी काच आली, वारा तिथून यायला लागला. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत दोन्ही बाजूंचा पत्रा तपासा. झडप नसेल तर बुजवल्याची खूण शोधा.

मामांनी माझ्या केबिनच्या त्या पत्र्यावरचा रंग उतरवला. आत जुन्या पितळी वेल्डिंगची चौकोनी शिवण दिसली. कुणीतरी कधीकाळी झडप काढून तिथं पत्रा बसवला होता. म्हणजे केबिन 1950 किंवा आधीची. उजव्या दारामागं टाकीचं भोक, कड गोल वळलेली. म्हणजे 1949 किंवा नंतरची. दोन्ही पक्के साक्षीदार एकाच जागी येऊन थांबले: केबिन 1949 किंवा 1950.

आणि मग लक्षात आलं, भिंतीला टांगलेलं सलग काचेचं दार बरोबर होतं! गाडीवरचं त्रिकोणी काचेचं उजवं दारच परकं होतं, कधीतरी ठोकर लागून बदललेलं. मी कागदावरचं 1951 आणि एक जुनं दार या दोन मध्यम साक्षीदारांवर विश्वास ठेवला होता. मिरजेच्या माणसाला मी फोनवर जे काही बोललो होतो त्याबद्दल पुन्हा फोन करून माफी मागितली. तो हसून म्हणाला, "जाऊदे ओ, आता दुसरं दार घेणार का?"

बाकी केबिनमधल्या गोष्टी चटकन. मागच्या कोपऱ्यांतल्या वक्र काचा महागड्या, डिलक्स केबिनच्या. त्या साल सांगत नाहीत, श्रीमंती सांगतात. गिअरचा दांडा 1948 पासून तीन गिअरच्या गाडीत स्टिअरिंगजवळ आला, पण चार गिअरचा दांडा जमिनीतूनच राहिला. तेव्हा जमिनीतलं भोक बघून साल ठरवायला जाऊ नका.

दारं

दाराबद्दल जरा सावकाश बोलतो, कारण सर्वात जास्त व्यवहार दारांचेच होतात आणि सर्वात जास्त फसवणूकही इथंच. अडचण अशी की या पिढीची दारं एकमेकांच्या बिजागऱ्यांवर बसतात. म्हणून विकणारा निर्धास्त सांगतो, 'बसंल'. बसतंच.

पण दारं तीन तऱ्हेची आहेत. 1947 ते 1950 ची: सलग काच, बाहेरचं हँडल खाली दाबून वळवायचं. 1951 ची: त्रिकोणी काच आली, हँडल मात्र तेच वळवायचं. 1952 पासून पुढं: त्रिकोणी काच आणि अंगठ्यानं दाबायचं बटणाचं हँडल. मधली जोडी, म्हणजे त्रिकोणी काच आणि वळवायचं हँडल, फक्त एका वर्षाची. असं दार भंगारात दिसलं तर तुमच्या कामाचं नसलं तरी उचला. कुणाच्या तरी कामाचं आहे.

दार घेताना हे करा. आधी काच पूर्ण खाली करा आणि दार हलवा. आत खुळखुळलं तर काचेची पट्टी किंवा उचलण्याची यंत्रणा सुटलीय. मग आतलं आवरण काढायला सांगा. दार रिकामं असेल, म्हणजे नुसता सांगाडा असेल, तर काच, काच उचलणारी यंत्रणा, कुलूप आणि हँडल हे चारही एकाच दारातून आलेले मिळणार का ते विचारा. वेगवेगळ्या सालांचे चार तुकडे एका दारात भरायला गेलात तर महिनाभर तुमचा मिस्त्री तुमच्याशी बोलणार नाही. बटणाच्या हँडलचं कुलूप वळवायच्या हँडलवर चालवायचा प्रयत्न मी स्वतः केलाय, त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही.

शेवटी लोहचुंबक. दाराची खालची सहा इंच पट्टी चुंबकानं तपासा. कोल्हापुरात हे अति महत्त्वाचं. आमच्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर नुसता कोसळतो, आणि 2019 च्या आणि 2021 च्या पुरात पंचगंगेचं पाणी ज्या शेडमध्ये शिरलं तिथल्या गाड्यांच्या दारांत बारीक गाळ साचून राहिला. पत्र्याच्या घडीत बसलेला तो गाळ ओल धरून ठेवतो आणि दार आतून खातो. वरनं रंग चकचकीत, आत लांबी (पुट्टी) भरलेली. चुंबक चिकटत नसेल तर तो पत्रा नाही, पुट्टी आहे. त्याचे पत्र्याचे पैसे देऊ नका.

पुढचा शो, बॉनेट, बिल्ले

1953 पर्यंत पुढं पाच आडव्या पट्ट्या. 1954 ला त्याजागी एक जाड आडवी दांडी आणि उभा आधार आला, अमेरिकेत त्याला 'बैलाचं नाक' म्हणतात. नाव आपल्याला पटण्यासारखं आहे. दोन्ही शो एकमेकांच्या जागी बसवायला जाऊ नका. पुढची मडगार्डं घेतानाही शो जिथं टेकतो त्या घड्या आणि भोकं जुळतात का ते गत्त्याच्या साच्यानं बघा. नुसती बाहेरची गोलाई बघून मडगार्ड घेणं हा आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ आहे.

बिल्ले मात्र मनोरंजक साक्षीदार. 1947–48 ला बॉनेटच्या बाजूला शेवरलेट नावाखाली 'थ्रिफ्टमास्टर'. 1949 पासून त्याजागी 3100, 3600 असे आकडे. 1952 मध्ये अर्ध्या वर्षातच कंपनीनं आकडे काढून टाकले, आणि 1953 ला पुन्हा आणले, पण आता नुसते मोठे आकडे, वर शेवरलेट नाही. त्या काळी कोरियाचं युद्ध चालू होतं, क्रोम आणि निकेलवर निर्बंध होते. म्हणूनच 1952 ला डॅशबोर्डवरच्या क्रोमच्या पट्ट्यांना रंग लागला, काच फिरवायच्या हँडलचा आणि वायपरच्या खुंटीचा क्रोम गेला. त्याच वर्षी मध्येच या हँडलांचे गोळे गडद तांबड्या (मरून) रंगाचे आले. म्हणजे कोरियातल्या पॅनमुनजोमच्या युद्धबंदीच्या वाटाघाटी कोल्हापूरच्या गाडीच्या काचेच्या हँडलवर दिसतात!

पण आठवण राहू दे, बिल्ला दोन नटांवर असतो. स्पीडोमीटरही तसाच. 1951 पर्यंत त्यावर 80 मैलांपर्यंत आकडे, 1952 पासून 90 पर्यंत. माझ्या गाडीत 90 चा मीटर आहे, केबिन 1950 किंवा आधीची, एक दार 1951 चं. मीटर कुणीतरी नंतर दुसऱ्या गाडीतून काढून घातला. त्यावरून साल धरलं असतं तर आणखी खड्ड्यात गेलो असतो.

बिल्ला हरवला असेल तर नवा मागवण्याआधी उद्यमनगरात फिरून या. आपल्याकडे ओतकामाची परंपरा आहे, पॅटर्न बनवणारे आहेत. एक चांगला बिल्ला नमुना म्हणून दोन दिवस उसना मिळाला तर पितळेत ओतून, घासून, निकेल चढवून घेता येतो. एकच काळजी: ओतलेला धातू थंड होताना आकसतो, त्यामुळं जुन्या बिल्ल्यावरून थेट साचा काढला तर नवा किंचित लहान येतो आणि मागच्या खुंट्या बॉनेटच्या भोकांत बसत नाहीत. पॅटर्नवाल्याला हे आधीच सांगा, तो आकसण्याची सूट धरून पॅटर्न करतो. खुंट्या मागाहून जोडून घेणं अजून सोपं.

अजून एक फसगत. जीएमसी, म्हणजे जनरल मोटर्सचाच दुसरा ब्रँड, त्याच्या त्या काळच्या पिकअपची केबिन शेवरलेटचीच, पण शो, बॉनेटवरचे बिल्ले वेगळे. जीएमसीचं दार शेवरलेटला चालेल, तोंड चालणार नाही. आपल्याकडे असंच नात्याचं कुटुंब म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातले डॉज, फार्गो आणि डिसोटो ट्रक. वालचंद हिराचंदांच्या त्या कंपनीत क्रायस्लरच्या परवान्यावर एकच गाडी वेगवेगळ्या नावांनी निघायची. फार्गोचा बिल्ला लावलेल्या ट्रकवर डॉजचा पत्रा सापडला तर चोरी समजू नका, चुलतभाऊ आहे.

हौदा

हौद्यावर मी फार वेळ घालवत नाही, कारण आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचा हौदा कारखान्यातला नसतोच. गावच्या सुताराने बांधलेला, बाभळीच्या फळ्यांचा, वर लोखंडी पट्ट्या. असा हौदा काढून टाकायचा की ठेवायचा हा तुमच्या मनाचा प्रश्न. मी ठेवायला सांगेन. गुऱ्हाळावर ढेपा वाहिलेल्या त्या फळ्या गाडीचा इतिहासच आहेत.

कारखान्याचा हौदा असेल तर आधी लांबी: 3100 चा 78 इंच, 3600 चा 87, 3800 चा 108. वरच्या कडा बघा: 1953 पर्यंत त्या तिरक्या उतरत्या, 1954 पासून सपाट आडव्या. मागचे दिवे 1953 पर्यंत चौकोनी, 1954 पासून गोल. मागचा फाळका वेगळ्या सालाचा घेतला तर बाजूच्या कडांशी उंची जुळणार नाही, म्हणून फाळका आणि बाजू एकत्रच घ्या. तळाच्या फळ्यांची संख्याही 1951 च्या मध्यात नऊवरून आठ झाली. फळ्या मोजायला पैसे लागत नाहीत, मोजा.

खरेदीच्या आधी घरी करायची तयारी

एक वही घ्या. प्रत्येक भागाला एक पान. फोटो काढताना भागाशेजारी स्टीलची पट्टी ठेवा, आणि फोटो अगदी समोरून काढा, तिरका नको. मग जाड गत्ता आणून त्यावर भागाची आतली कड, बिजागऱ्यांची भोकं, घड्या यांचा साचा काढा. एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंतचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत लिहा. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्हींत फरक आला तर चौकट वाकलेली आहे, आणि मग बरोबर सालाचं नवं दारही बसणार नाही. आधी चौकट सरळ, मग दार.

विकणाऱ्याला फोनवर मॉडेल सांगू नका. 'सलग काच की त्रिकोणी? हँडल वळवायचं की बटणाचं? टाकीचं भोक केबिनला आहे का?' एवढं विचारा. माहीतगार असेल तर लगेच सांगेल, नसेल तर जाऊन बघेल. 'साहेब, सगळी सारखीच असत्यात' म्हणणाऱ्याकडे जायचं झालं तर गत्त्याचा साचा बरोबर न्या.

अमेरिकेतून नवे बनवलेले पत्रे मिळतात: केबिनचे कोपरे, पायाखालचा तळ, फुटबोर्ड. पत्रा चांगला असतो. पण तिकडचं स्टिअरिंग डावीकडे. तळाचा पत्रा घेतलात तर पेडल आणि स्टिअरिंगची भोकं उलट्या बाजूला येतील. केबिनचे मागचे कोपरे चालतात, तळ मात्र इथंच, आपल्या जुन्या तळावरून साचा काढून वळवून घ्या. उजव्या बाजूचा जुना तळ कितीही सडला असला तरी भोकांची मापं घेतल्याशिवाय कापून भंगारात टाकू नका. मी टाकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याच्या ढिगाऱ्यात उपसून काढला.

बसवताना क्रम चुकवू नका. केबिन चेसिसवर नवीन रबरांवर बसवायची आणि सगळे बोल्ट हातानं आवळायचे. मग दारं, कारण दारांच्या फटीवरून पुढचं सगळं ठरतं. दारं चारही बाजूंनी सारख्या फटीत बसली की पुढची मडगार्डं, त्यानंतर शो, सर्वात शेवटी बॉनेट. ही सगळी जुळवाजुळव रंगाच्या आधी, नुसत्या रेड ऑक्साइडवर. जुळलं की खुणा करून पुन्हा सगळं उतरवायचं आणि मग रंग. आधी रंग, मग जुळणी करणारे मी पाहिलेत. त्यांच्या दाराच्या कडेला महिन्याभरात ओरखडे असतात. रंगाचं काम आषाढ-श्रावणात काढू नका. हवेत एवढी ओल असते की प्राइमरखाली गंजाची बुंदी उमटते. दिवाळीनंतरचे तीन महिने उत्तम.

कागदपत्रांचा एक मुद्दा

15 जुलै 2021 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनं पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, क्रमांकात व्हीए अक्षरं येतात. नवीन नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, पुन्हा नोंदणीचं 5,000, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार नको. आणि अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं यासाठीच. पिकअप तुमच्या कागदावर मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर कामाला हात घालण्याआधी आरटीओत जाऊन विचारून या.

'मूळ रूप' म्हणजे काय यावर वाद होऊ शकतो. म्हणूनच ती वही आणि फोटो जपून ठेवा. कुठला भाग गाडीचा, कुठला त्याच पिढीच्या दुसऱ्या गाडीचा, कुठला इथं बनवलेला, हे लिहिलेलं असलं की बोलायला आधार राहतो. दसऱ्याला दसरा चौकात राजघराण्याची मेबॅक पाहायला जी गर्दी लोटते, ती काय इंजिन बघायला येत नाही. पत्रा जसा होता तसा आहे, हे बघायला येते.

माझ्या गाडीला आता दोन्ही दारं सलग काचेची आहेत. दुसरं त्याच मिरजेच्या माणसाकडून घेतलं, या वेळी गत्त्याचा साचा घेऊन गेलो होतो. 1951 चं ते एकाच वर्षाचं दार, त्रिकोणी काच आणि वळवायचं हँडल असलेलं, आता भिंतीवरच्या त्याच खिळ्याला टांगलंय. कडांना ग्रीस लावलंय, हँडलला सुतळीनं चिठ्ठी बांधलीय: '1951, उजवं, काच शाबूत, कुलूप आतलंच.' गडहिंग्लजकडच्या एकानं दोनदा विचारलंय. त्याला मी सांगितलंय, आधी तुझ्या पायाजवळच्या पत्र्यात झडप आहे का बघून ये, मग दार ने.